चुडाव्याचं विरजण

तुमची ती पुण्याची मैत्रीण काय म्हणते, असं अजूनही कुणी ना कुणी विचारतंच. मी म्हणते, बरी आहे. तिचं खरंच बरं चाललंय, खोटं कशाला बोलू? पण तिचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं, आणि समोर चहा पीत बसलेल्या माणसाला कळत नाही की या बाईला एकाएकी झालं काय. म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

मी सांडपाण्याच्या केंद्रात काम करते. लोकांनी मोरीत, संडासात सोडलेलं सगळं पायपातून आमच्याकडं येतं. पाणी साफ करून आम्ही पुढं सोडतो आणि खाली बसलेला गाळ बंद टाकीत कुजवतो. गाळ कुजला की गॅस निघतो. ज्यांच्या दारात गोबरगॅस आहे त्यांना वेगळं सांगायला नको, तोच हा मिथेन. मी लागले तेव्हा आमच्याकडं तो नुसता जाळून टाकायचे. सूक्ष्मजीवशास्त्रात एमेस्सी करून पोरगी गटारीचा वास घेत बसली, असं माहेरी आणि सासरी दोन्हीकडं बोलून झालं होतं. मला त्याचं काही वाटायचं नाही. वासाची नाकाला सवय होते, बोलण्याची कानाला होते.

माझं माहेर चुडाव्याजवळ. घरी मेंढरं, शेळ्या आणि जराशी कोरडवाहू जमीन. मैत्रीण माझ्याबरोबर परभणीच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहायची. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. सुट्टी लागली की ती स्वतःच्या गावी कमी आणि आमच्याकडंच जास्त यायची. चुडाव्याला पॅसेंजर थांबायची, उतरलं की बांधाबांधानं घरी. माझ्या मायला तीही माय म्हणायची. एका ताटात आम्ही दोघी जेवलोय, एका गोधडीत झोपलोय. उवासुद्धा एकमेकींच्याच काढल्या, आता काय लपवायचं.

अशाच एका सुट्टीत आमचा एडका मेला. चांगला दांडगा मेंढा, पाळण्यातल्या पोरासारखा जपलेला. दोन दिवस पोट फुगून पडून होता. बापानं पोट चिरलं तर आतून प्लॅस्टिकचा गोळा निघाला. रस्त्याच्या कडेच्या पिशव्या खाऊन खाऊन झालेला, माणसाच्या डोक्याएवढा. त्यात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एका दुकानाची लाल पिशवी, सगळं ओळखू येत होतं. माय त्या गोळ्याकडं बघत बसली आणि आम्हा दोघींना म्हणाली, "एवढं शिकायलाव ना गं तुमी? मंग हे विरघळंल असं कायतरी काढा की."

तेव्हा आम्ही हो म्हणालो. पोरी हो म्हणतातच. पण ते आम्ही दोघीही विसरलो नाही, आणि त्याच गोष्टीनं पुढं सगळा घोटाळा केला.

शिकून ती पुण्याला एका संशोधन संस्थेत लागली, मी इकडंच राहिले. एकदा तिचा फोन आला. म्हणाली, "अगं, मिथेन खाणारे जिवाणू असतात, माहीत आहे ना? त्यांना आधी भरपूर खाऊ घालायचं आणि मग त्यांचा नायट्रोजन बंद करायचा. वाढायला येत नाही, पण खाणं तर चालू असतं, मग ते अंगात साठवायला लागतात. आणि जे साठवतात ते प्लॅस्टिक असतं. मातीत विरघळणारं." मी म्हणाले, म्हणजे चारा भरपूर असला की मेंढी चरबी धरते तसं. ती हसायला लागली. म्हणाली, हेच वाक्य मी उद्या मीटिंगमध्ये वापरते. आणि वापरलंही.

आमच्याकडं मिथेन फुकट जळत होता. मी आमच्या साहेबांच्या मागं लागले. साहेब म्हणजे केंद्राचे इंजिनिअर, माणूस भला, पण कुठलीही गोष्ट दहा वेळा सांगितल्याशिवाय कानात शिरायची नाही. अकराव्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले, ती कोपऱ्यातली जुनी टाकी घ्या आणि काय करायचं ते करा, पण मला वास येऊ देऊ नका. सांडपाणी केंद्रात बसून माणूस म्हणतो वास येऊ देऊ नका.

आता जिवाणू आणायचे कुठून? जिथं चिखलातून बुडबुडे येतात तिथं मिथेन असतो, आणि मिथेन असतो तिथं तो खाणारेही असतात. मी नाले हिंडले, येलदरी धरणाच्या मागच्या पाण्यातला गाळ आणला, रेल्वेच्या कडेचं पाणी आणलं. कशातलेही धड जगेनात. आमच्याकडं उन्हाळ्यात टाकीचं पाणीसुद्धा हाताला चटका देतं, त्यात नाजूक जिवाचं काम नाही. शेवटी माहेरच्या रानाजवळचं एक डबकं होतं, जिथं आमची मेंढरं पाणी प्यायची, त्यातला चिखल मी डब्यात भरून आणला. तेच टिकले. एप्रिल गेला, मे गेला, माझे पठ्ठे आपले गॅस खातायत. त्यातलेही चांगले तेवढे निवडत, पुन्हा वाढवत, पुन्हा निवडत दीडेक वर्ष गेलं. टाकीला दुधी रंग आला, त्याला जराशी गुलाबी झाक. वास म्हणाल तर ओल्या मातीचा. साहेब येऊन वास घेऊन गेले आणि काही न बोलता गेले, म्हणजे खूश होते.

पहिल्यांदा त्यांच्या अंगातून जे पांढरं पीठ निघालं त्याची मी काचेच्या बशीत पातळ चकती केली, पापडाएवढी. ती मायला दाखवायला नेली. मायनं ती वाकवून बघितली, दाताखाली धरून बघितली, आणि उकिरड्यात पुरून टाकली. पुढच्या खेपेला गेले तर काडीनं उकरत होती. म्हणाली, "आगं, गेली की कुठं?" मला तेवढा आनंद एमेस्सीच्या निकालालाही झाला नव्हता. मी तिथंच पुण्याला फोन लावला आणि दोघी जणी फोनवर रडलो. माय म्हणाली, या पोरींना उकिरड्यावर रडायला काय झालं.

आणि मग मैत्रिणीनं विरजण मागितलं. तिनं तोच शब्द वापरला. त्यांच्या प्रयोगशाळेतले जिवाणू थंड खोलीतून बाहेर काढले की मरायचे. म्हणाली, "तुझं ते चुडाव्याचं विरजण दे ना गं थोडं. उन्हाळा सोसणारं इकडं कुणाकडंच नाही."

खरं सांगते, द्यावं की न द्यावं असा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही. आमच्याकडं विरजण मागायला आलेल्याला परत पाठवत नाहीत. दिवेलागण झाली असेल तर सकाळी ये म्हणतात, पण नाही म्हणत नाहीत. कारण सरळ आहे. विरजण सांभाळायचं म्हणजे वाटायचं. आपल्या घरचं दही एक दिवस नासणारच, मांजर तोंड घालणार, नाहीतर ऊन लागणार. मग आपण ज्यांना दिलं होतं त्यांच्या दारात वाटी घेऊन जायचं. आपलंच दही त्यांच्या गाडग्यात जिवंत असतं. मी मायला सहज म्हणाले की ती मागायलीय, देऊ का? माय चिडली. "त्यात इचारायचं काय? द्यावं अन् मोकळं व्हावं. उद्या आपलं नासलं तर कुणाच्या दारात जाशील?"

मी बाटली भरली, बर्फात ठेवली, आणि ती स्वतः येऊन घेऊन गेली. सही नाही, कागद नाही. मायनं जाताना तिच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी टाकली.

पुढं माय गेली. मैत्रीण आली होती, हे मी नाकारत नाही. पहिल्या गाडीनं आली, मला धरून बसली, दहाव्यापर्यंत राहिली. म्हणूनच तर पुढचं मला जड गेलं. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या देऊन मी कामाला लागले असते.

मग ती टीव्हीवर दिसली. उन्हातही तग धरणारे, मिथेनपासून प्लॅस्टिक करणारे जिवाणू, आमच्या संस्थेनं शोधले, असं तिच्यासमोर कुणीतरी सांगत होतं आणि ती मान हलवत होती. चुडाव्याचं नाव नाही, माझं तर नाहीच नाही. माझ्या मनात पालसुद्धा चुकचुकली नाही. म्हणलं, टीव्हीवाले कापून दाखवतात, ती बोलली असेल. मी केंद्रात पेढे वाटले. ऐका, मी वाटले पेढे. आजही तो मिठाईवाला बघितला की मी रस्त्याच्या पलीकडून जाते.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात अवकाळी वारं सुटलं आणि विजेचे खांब पालथे झाले. दोन-तीन दिवस लाईट नाही. जनरेटरचं डिझेल मोठ्या पंपांनाच पुरेना. माझ्या टाकीची हवा बंद, गॅस बंद. फ्रिजमध्ये राखून ठेवलेल्या बाटल्याही उकडून गेल्या. लाईट आली तेव्हा टाकी काळी पडली होती आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला होता. साहेब हळहळले. महिनाभरात वरून तपासणीला लोक येणार होते. टाकी चालू दिसली तर मोठी टाकी मंजूर, नाहीतर हे काम कायमचं बंद, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुन्हा चिखल आणायचा म्हणलं तर ते डबकं रस्ता रुंद करताना मुरूम टाकून बुजवलेलं. साहेब म्हणाले, संपलं मॅडम. मी त्यांना हसले. म्हणाले, "संपलं कसं? आमचं विरजण पुण्यात हाय."

इतकी निवांत होते मी. टाकी घासून घेतली, पंप तपासले, सगळं तयार करून ठेवलं.

फोन लावला तर ती म्हणाली, बघते. दुसऱ्यांदा लावला तर मीटिंगमध्ये आहे, नंतर करते. नंतर काही आला नाही. मला वाटलं, कामात असेल, बिचारीला पाठवायला कुणी मिळत नसेल. मग आपणच जावं. मी बर्फाचा डबा घेतला, झाकणाची एक मोठी स्टीलची बाटली उकळून घेतली, आणि पूर्ण्याहून पुण्याची गाडी पकडली.

तिनं मला कँटीनमध्ये बसवलं. वर प्रयोगशाळेत नेलं नाही. इडली मागवली, पोराबाळांची चौकशी केली. मी बाटली टेबलावर ठेवली तशी ती म्हणाली, "हे बघ, ते आता माझ्या हातात राहिलेलं नाही. जिवाणूंची ती जात संस्थेच्या नावावर नोंदलेली आहे. एक कंपनी त्यात उतरली आहे. बाहेर थेंबसुद्धा द्यायचा तर करार लागतो, आणि तुमच्या केंद्राशी तसा करार कुणी करणार नाही."

मी म्हणाले, "अगं, माझंच मागायलेय मी. तुझं कुठं मागायले?"

"तुझं म्हणून कुठं नोंद आहे?"

हे ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती समजावून सांगत होती, हळू आवाजात, शिकवणीतल्या पोरीला सांगावं तसं. मी म्हणाले, "नोंद नसंल. तुला ठाऊक हाय ना पण? डबकं बघितलंस ना तू? एडक्याचं पोट बघितलंस ना?" ती म्हणाली, "मला ठाऊक असून काय उपयोग, सांग तू." आणि डोळे पुसले. तिचे डोळे भरले होते, हेही मी नाकारत नाही. नंतर कितीतरी दिवस मी याच गोष्टीवर अडकून होते, की रडू खरं होतं आणि तरी दिलं नाही.

मी उठले. बाटली उचलायला गेले तर तिनंच आधी उचलली. म्हणाली, "थांब जरा. आलेच." आणि बाटली घेऊन वर गेली.

मी तिथं उभी राहून देवाला हात जोडले. मनात तिला किती बोलले होते, सगळं मागं घेतलं. म्हणलं, नियम नियमाच्या जागी, पण पोरगी आपल्या घरात वाढली आहे, तोंडानं नाही म्हणाली तरी हातानं देईल. दहा-पंधरा मिनिटांनी ती खाली आली. बाटली स्वतःच्या हातानं बर्फाच्या डब्यात ठेवली, वर नॅपकिन घातला. चांगली जड लागत होती. कँटीनमध्ये माणसं होती, मी म्हणलं बोलायची ही जागा नव्हे. तिला मिठी मारली आणि निघाले. अगदी घट्ट मारली, आता आठवलं की अंगावर काटा येतो.

गाडीत डबा मांडीवर घेऊन बसले. साहेबांना फोन केला की मिळालं, पंप सुरू करायला सांगा. दौंड गेल्यावर माझ्या लक्षात आलं की बाटली जराही हिंदकळत नाहीये. काठोकाठ भरली होती. या जिवाणूंना हवा लागते, म्हणून प्रवासाला बाटली कधी पूर्ण भरत नाहीत, वर मोकळी जागा ठेवतात. मला तिचा रागही आला आणि हसूही. एवढी मोठी शास्त्रज्ञ, घाईत हवा ठेवायची विसरली. पूर्णा येईपर्यंत गुदमरतील म्हणून मी झाकण जरा ढिलं करायला घेतलं. थोडं ओतून द्यावं, एक वाटीभर, म्हणून पूर्णच उघडलं.

आत साखर होती. पांढरी, कोरडी, गळ्यापर्यंत दाबून भरलेली.

मी बोट घालून बघितलं. इतकी वेडी झाले होते की मनात आलं, साखरेच्या खाली असेल, कुणाला दिसू नये म्हणून वर साखर घातली असेल. डबा खाली ठेवून सीटवर पेपर पसरला आणि सगळी साखर त्यावर ओतली. तळाला काही नव्हतं.

फोन लावला. या वेळी तिनं लगेच उचलला. "मिळाली का गं जागा गाडीत?"

मी म्हणाले, "बाटलीत साखर हाय."

"हो ना. रिकामं भांडं कसं परत देऊ? मायनं कधी कुणाचं भांडं रिकामं पाठवलं होतं का, सांग."

माझ्या मायचं नाव घेतलं तिनं. मला वाटलं गाडीची साखळी ओढावी, उतरावं, आणि जाऊन तिच्या दोन मुस्काटात द्याव्यात. मी म्हणाले, "माझी माय मागितलेलं आधी द्यायची. साखर मागून घालायची. तू माझ्या मायचं खाल्लंस ते खाल्लंस, आता तिचं नाव तोंडातून काढायचं नाही." ती म्हणाली, तू समजून घे ना. मी फोन बंद केला.

तपासणीला आलेल्यांना साहेबांनी रिकामी टाकी दाखवली आणि आमच्याकडचं ते काम थांबलं. तिकडं तिच्याकडं माझे जिवाणू मजेत आहेत म्हणतात, त्यांच्यापासून काय काय बनतं. एखादी पिशवी कधी चुडाव्यालाही येईल, आणि मेंढरांच्या पोटात गेली तर विरघळेल. मायला तेच हवं होतं, मी समाधान मानावं, असं साहेब सांगतात. साहेबांचं काही जात नाही सांगायला.

त्या दिवशी गाडीत मी पेपरवरची साखर दोन्ही हातांनी गोळा करत होते आणि रडत होते, आवाज करून. रागानं रडत होते, पण बघणाऱ्याला ते काय कळणार? समोर जालन्याला उतरणारी एक म्हातारी बाई होती. तिनं सांडलेले दाणे माझ्याबरोबर वेचले, पेपरची पुडी बांधून दिली आणि विचारलं, "कुणी वारलं का, माय?"

मी म्हणाले, हो. कोण, ते तिनं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.